तारे देवाचे, नांवें माणसाचीं

वाचनासाठीं शास्त्रपाठ : उत्पत्ति १:१४-१९ व २:१९-२०, ईयोब ३८:३१-३३, स्तोत्र १४७:४, यिर्मया १०:२, आमोस ५:७-८, मत्तय २:१-१२, प्रेषितांचीं कृत्यें २७:२० व २८:११.



गेल्या आश्विन महिन्यांत, पाऊस उघडल्यावर, एका खेड्यांतील घरसभा आटोपून आम्ही परत निघालों असतां घरधनी आम्हांस पोंचवावयास वेशीपर्यंत आले. हे गृहस्थ मंडळींतील जुने सभासद. त्यांच्या घरीं शास्त्रवाचन नित्य होतें. वेशीजवळ आल्यावर इकडे तिकडे पाहून ते हळूच म्हणाले, "पाळकसाहेब, नात झाली. बाप्तिस्म्याचा दिवस आपण विचारतां, आणि मी आज-उद्यां म्हणून लांबवितों, त्याचें कारण सांगावयास जीभ उचलत नाहीं. शेजाऱ्यांनीं पंचांग पाहिलें. पोर मूळ नक्षत्रावर झाली म्हणतात. असलें मूल बापावर येतें हें ऐकून माझ्या मुलानें अजून लेकीचें तोंड पाहिलेलें नाहीं. सून रात्रंदिवस रडते."

आम्हीं विचारलें, "दादा, मूळ नक्षत्र आकाशांत कोठें आहे, तें आपणांस ठाऊक आहे काय?" त्यांनीं नकारार्थी मान हलविली. तेव्हां आम्हीं नैर्ऋत्येकडे बोट करून दाखविलें, "तो विंचू पाहा. त्याची ती वळलेली नांगी आहे ना, तिच्याच ताऱ्यांस मूळ म्हणतात." ते पुष्कळ वेळ तिकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हेच होय? यांस तर मी लहानपणापासून ओळखतों. राखणीला शेतावर जात असूं, तेव्हां विंचू म्हणून आम्ही पोरें यांनाच बोट दाखवीत होतों."

वाचकहो, तेच तारे. एका नांवानें ते त्यांच्या बाळपणाचे सोबती होते. दुसऱ्या नांवानें त्यांनीं घरांतील पाळण्याभोंवतीं भय उभें केलें. त्या रात्रीं आमच्या मनांत आलें कीं, नक्षत्र म्हणजे काय, त्यांस नांवें कोणीं दिलीं, आणि विश्वासणाऱ्यानें त्यांविषयीं कोणती वृत्ति ठेवावी, हें आपल्या मंडळ्यांपुढें एकदां स्पष्ट मांडावें. तोच हा पाठ.

१. नक्षत्रें कशीं झालीं?

निरभ्र अंधाऱ्या रात्रीं, चंद्र नसतां, साध्या डोळ्यांनीं एका वेळीं सुमारें दोन ते तीन हजार तारे दिसतात. इतके ठिपके समोर असतां माणसाचा डोळा स्वस्थ बसत नाहीं. जवळजवळचे व तेजस्वी ठिपके तो आपोआप जोडितो, आणि जी वस्तु नित्य परिचयाची तिचें रूप त्यांस देतो. ढगांत हत्ती दिसतो, भिंतीवरील ओलीच्या डागांत मनुष्याचें तोंड दिसतें, तसेंच हें. ही शक्ति देवानेंच माणसास दिली आहे. तींत पाप नाहीं.

उत्तरेकडील सात तारे घ्या. संस्कृत ग्रंथकारांनीं त्यांस सप्तर्षि म्हटलें व एकेकास क्रतु, पुलह, पुलस्त्य, अत्रि, अंगिरस, वसिष्ठ व मरीचि अशीं नांवें दिलीं. ग्रीक लोकांनीं आजूबाजूचे आणखी तारे घेऊन तेथें मोठें अस्वल केलें. इंग्लंडांतील शेतकऱ्यास त्यांत नांगर दिसला. चीन व अमेरिका या देशांत लांब दांड्याची पळी दिसली. आपल्या विदर्भांतील गोंड लोक त्यांपैकीं चार ताऱ्यांस बाज म्हणतात, व मागील तीन ताऱ्यांस ती चोरावयास आलेले चोर समजतात. बाजेची व चोरांची ही गोष्ट आपल्या इतर खेड्यांतूनही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं ऐकूं येते. ज्याच्या घरांत जी वस्तु, ती त्यानें आकाशांत पाहिली.

मृगाचेंही तसेंच. आपल्याकडे चार कोपऱ्यांचे चार तारे हे हरणाचे पाय, मधले एका ओळींतील तीन तारे हा त्याच्या पोटांत रुतलेला बाण, आणि जवळच झळकणारा व्याध हा तो बाण मारणारा पारधी. ग्रीक लोकांनीं तेथें हरिण पाहिलेंच नाहीं; त्यांनीं तेथें शिकारी पाहिला, आणि आपला बाण तो त्यांचा कमरपट्टा झाला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागांतील योलंगू लोक म्हणतात कीं, ते तीन तारे होडींत बसलेले तीन भाऊ आहेत. दक्षिण अमेरिकेंतील आंदिज पर्वतावरचे लोक तर ताऱ्यांकडे न पाहतां आकाशगंगेंतील काळ्या पट्ट्यांतच लामा नांवाचें आपलें ओझ्याचें जनावर पाहतात.

आकृतींची संख्याही सर्वत्र एक नव्हती. ख्रिस्ती शकाच्या दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया नगरांतील टॉलेमी नामक विद्वानानें ४८ तारकासमूह लिहून ठेविले. जुन्या चिनी पद्धतींत ते २८३ होते. पुढें सर्व देशांच्या ज्योतिर्विदांची सोय व्हावी म्हणून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानें १९२२ सालीं ८८ तारकासमूह ठरविले, आणि देलपोर्त नामक बेल्जियन ज्योतिर्विदानें आंखलेल्या त्यांच्या हद्दी १९३० सालीं प्रसिद्ध झाल्या. तलाठ्याच्या नकाशावर शेतांच्या हद्दी असतात, तशाच या. भूमि देवानें केली. गट नंबर माणसानें घातला. गट नंबर उपयोगाचा खरा. पण त्यामुळें जमीन पिकत नाहीं, कीं नापीकही होत नाहीं.

आपल्या देशांतील सत्तावीस नक्षत्रांची योजना चंद्रावरून झाली. चंद्र ताऱ्यांमधून आपला एक फेरा २७ दिवस व सुमारें ८ तासांत पुरा करितो. म्हणून त्याच्या वाटेचे २७ समान भाग केले, व प्रत्येक भागास तेथील ताऱ्यांचें नांव दिलें. एका भागांत चंद्र सरासरीनें एक दिवस असतो. मूल मुळावर झालें, याचा अर्थ इतकाच कीं, त्या दिवशीं चंद्र विंचवाच्या नांगीच्या दिशेस होता.

२. दिशा एक, अंतर अनेक

दिशेस होता, जवळ नव्हता. आपल्या बांधावर उभा असलेला बैल दूरच्या डोंगराच्या ओळींत दिसला, म्हणून तो डोंगरावर चरतो असें कोणी म्हणत नाहीं. चंद्र आपणांपासून सुमारें ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. त्याचा प्रकाश सव्वा सेकंदांत येथें पोंचतो. प्रकाश एका सेकंदांत सुमारें ३ लाख किलोमीटर चालतो. एका वर्षांत तो जितका चालतो, म्हणजे सुमारें साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, तितक्या अंतरास प्रकाशवर्ष म्हणतात. मुळाच्या ठळक ताऱ्यांचा प्रकाश आपणांपर्यंत येण्यास शेंकडों वर्षें लागतात. आज जो किरण आपल्या डोळ्यांत शिरतो, तो आपल्या आजोबांचे आजोबाही जन्मले नव्हते तेव्हां निघालेला आहे. त्यास आज जन्मलेल्या बाळाची वार्ता कोठून असणार?

ताऱ्यांचें अंतर मोजणें हें काम फार कठीण. १८३८ सालीं जर्मन ज्योतिर्विद बेसेल यानें हंस या तारकासमूहांतील एका अंधुक ताऱ्याचें अंतर प्रथम प्रसिद्ध केलें. तो सुमारें ११ प्रकाशवर्षें दूर आहे. त्यानंतर हजारों ताऱ्यांचीं, आणि आतां आकाशांत सोडलेल्या यंत्रांच्या साहाय्यानें कोट्यवधि ताऱ्यांचीं अंतरें काढण्यांत आलीं आहेत. त्यांवरून मृगाची गोष्ट पुन्हां पाहूं. व्याध सुमारें साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे. रोहिणी सुमारें ६५ वर. आणि बाणाचे तीन तारे हजाराहून अधिक प्रकाशवर्षें पलीकडे. पारधी आपल्या अंगणांत, आणि त्याचा बाण दहा गांवें ओलांडून पलीकडे! आपण दुसऱ्या एखाद्या ताऱ्याजवळ जाऊन पाहूं शकलों असतों, तर हरिण, बाण व पारधी यांपैकीं कांहींच दिसलें नसतें. आकृति आकाशांत कोरलेली नाहीं. आपण जेथें उभे आहों, तेथून ती दिसते.

ती कायमचीही नाहीं. १७१८ सालीं हॅली या इंग्रज ज्योतिर्विदानें दाखवून दिलें कीं, व्याध, स्वाती व रोहिणी हे तारे प्राचीन काळीं लिहून ठेविलेल्या स्थानांहून सरकलेले आहेत. सप्तर्षींपैकीं मधले पांच तारे सुमारें ८० प्रकाशवर्षांवर असून एकाच दिशेनें बरोबर चालले आहेत. परंतु दोन टोंकांचे क्रतु व मरीचि हे त्यांहून दूर असून त्यांची वाट वेगळी आहे. एक लाख वर्षांनीं ही बाज मोडलेली दिसेल.

मात्र सर्वच समूह केवळ दिसण्याचे आहेत असें नाहीं. कृत्तिका हा खराखुरा पुंज आहे. सुमारें ४४० प्रकाशवर्षांवर शेंकडों तारे एकत्र जन्मून परस्परांच्या आकर्षणानें बांधलेले आहेत. साध्या डोळ्यांस त्यांपैकीं सहा-सात दिसतात. खरें व भासमान यांत भेद करावयास शिकणें, हीही देवाच्या कृत्यांविषयीं आदर दाखविण्याचीच एक रीति आहे.

३. आमची एक चूक

येथें आम्हांस आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. सेमिनरीचा अभ्यास पुरा करून आम्ही नवीनच पाळक झालों होतों. जून महिन्यांत एका वृद्ध शेतकऱ्यानें म्हटलें, "मृग लागला." आम्हीं रात्रीं ढग फांकले असतां आकाश शोधलें; मृग कोठेंच दिसेना. दुसऱ्या दिवशीं चारचौघांत आम्हीं हंसून म्हटलें, "बाबा, तुमचा मृग आकाशांत नाहींच!" ते शांतपणें म्हणाले, "साहेब, सूर्य त्याच्या घरीं उतरला आहे. दारांत एवढा दिवा लागला असतां आंतली पणती कशी दिसेल?"

आम्हांस फार लाज वाटली. म्हातारे बाबा बरोबर होते. सूर्यही ताऱ्यांमधून वर्षांत एक फेरा करितांना दिसतो, व प्रत्येक नक्षत्रांत सुमारें साडेतेरा दिवस असतो. ७-८ जूनच्या सुमारास तो मृगांत येतो. म्हणून त्या दिवसांत मृगाचे तारे दिवसा सूर्याबरोबर डोक्यावर असतात व रात्रीं दिसत नाहींत. तेच पौष-माघांत संध्याकाळीं पूर्वेकडे ठळक दिसतात. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसु, पुष्य, अशी पावसाळ्याची मोजणी आपल्या शेतकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. ज्यांस आपण अडाणी म्हणतों, त्यांच्याजवळ देवाच्या घड्याळाचें ज्ञान असतें. अंधश्रद्धा टाकावयास सांगतांना आपण ज्ञानही उकिरड्यावर टाकूं नये.

तरी घड्याळ वेळ दाखवितें, वेळ घडवीत नाहीं. पाऊस मृगाच्या ताऱ्यांमुळें पडत नाहीं. उन्हानें तापलेली भूमि, समुद्र व वारे यांच्या योगानें पडतो. शिवाय पृथ्वीचा आंस फार मंदपणें फिरत असल्यामुळें, सूर्य मृगांत येण्याचा दिवस ऋतूंच्या मानानें सुमारें ७१ वर्षांत एक दिवस पुढें सरकतो. म्हणून पेरणीच्या वेळीं बाबांची मोजणी ऐकावी, आणि हवामान खात्याचा अंदाजही ऐकावा.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत आकाशांतील ज्योतींचा हाच उपयोग सांगितला आहे : ऋतु, दिवस व वर्षें यांची खूण पटविणें. दिशेचाही उपयोग आहे. सप्तर्षींतील पुलहापासून क्रतूकडे रेघ कल्पून ती त्याच दिशेस सुमारें पांचपट पुढें न्यावी, म्हणजे ध्रुव सांपडतो. मुंबईच्या आसपास तो क्षितिजावर सुमारें १९ अंश असतो; हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरिल्या, तर जवळजवळ तितकें अंतर होतें. प्रेषित पौल ज्या गलबतांतून रोमास जात होता, त्यावरील लोकांस वादळांत पुष्कळ दिवस सूर्य व तारे दिसले नाहींत, तेव्हां त्यांनीं वांचण्याची आशाच सोडिली. ताऱ्यांवांचून त्यांस वाटच कळेना.

४. पवित्र शास्त्रांत नक्षत्रें

शास्त्रांत नक्षत्रांचे उल्लेख थोडे, पण अर्थपूर्ण आहेत. ईयोबाच्या ग्रंथांत देव ईयोबास विचारतो कीं, कृत्तिकांस बांधणें व मृगाचीं बंधनें सोडणें तुझ्या हातीं आहे काय? आपल्या भाषांतरकारांनीं तेथें आपल्याच ओळखीचीं नांवें घातलीं, हें योग्यच झालें. कित्येक उपदेशक या वचनांत आधुनिक दुर्बिणीचा शोध दडलेला आहे असें सांगतात. आमच्या मतें तसें करूं नये. कृत्तिका खरोखर बांधलेल्या आहेत हें खरें, पण तें सिद्ध करण्यासाठीं ईयोबाचा ग्रंथ लिहिला गेला नाहीं. दुःखानें पिचलेल्या माणसास तो एवढेंच शिकवितो कीं, जें तुझ्या हातीं नाहीं तें देवाच्या हातीं आहे. त्याच्याच पुढच्या ओळींत मज्जारोथ असा एक इब्री शब्द येतो, त्याच्या अर्थाविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं. तरी बोध समजण्यास त्यामुळें अडचण पडत नाहीं.

आमोस हा तकोवा येथील मेंढपाळ. रात्र रात्र उघड्यावर काढणाऱ्या या माणसानें कृत्तिका व मृगशीर्ष यांच्या निर्माणकर्त्याचें नांव घेतलें. पण कोणत्या प्रसंगीं? न्यायास कडू करून टाकणाऱ्या व नीतिमत्त्वास भुईस मिळविणाऱ्या लोकांस ताकीद देतांना. ज्यानें नक्षत्रें केलीं, तोच दुर्बळांचा न्याय मागतो, असा त्याचा आशय आहे. हें पुढें उपयोगी पडेल, लक्षांत ठेवावें.

नांवांविषयीं आणखी एक गोष्ट. मिलिता बेटावर हिंवाळा काढल्यावर पौल ज्या गलबतांत चढला, त्यावर ग्रीक लोकांच्या जुळ्या देवबंधूंचें चिन्ह होतें. खलाशी त्यांस आपले तारक मानीत. आपण ज्यांस पुनर्वसूचे दोन तारे म्हणतों, त्यांनाच त्या बंधूंचीं नांवें दिलेलीं आहेत. पौलानें त्या चिन्हास नमस्कार केला नाहीं. आणि त्या चिन्हामुळें तो गलबतांतून उतरलाही नाहीं. सुवार्ता त्याच गलबतांतून रोमाकडे गेली.

याउलट १६२७ सालीं युलियुस शिलर नामक जर्मन गृहस्थानें आकाशाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. त्यांत जुनीं सर्व नांवें काढून बारा राशींच्या ठिकाणीं बारा प्रेषित बसविले, उत्तरेकडे नव्या करारांतील व दक्षिणेकडे जुन्या करारांतील नांवें घातलीं. मोठ्या अस्वलाचें पेत्राचें तारूं झालें. हेतु धार्मिक होता. पण तीं नांवें चाललीं नाहींत. त्यांत हानि झाली असें आम्हांस वाटत नाहीं. ताऱ्यांचीं नांवें पालटल्यानें भय जात नाहीं. अंतःकरण पालटल्यानें जातें. आपण मृगास मृगच म्हणावें.

आदामानें प्राण्यांस नांवें ठेविलीं, ती मोकळीक त्यास देवानें दिली होती. पण बैलास बैल हें नांव ठेविल्यावर आदाम त्या नांवास भ्याला नाहीं. जें नांव माणसानें ठेविलें, तें माणसाचें धनी कसें होईल? ताऱ्यांचीं खरीं नांवें एकटा देव जाणतो, असें स्तोत्रकर्ता सांगतो. आणि त्याच स्तोत्रांत, अगदीं शेजारीं, तो भग्न हृदयाच्या माणसांस बरें करितो असेंही म्हटलें आहे.

५. मुळाचें भय

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. चंद्र सत्तावीस भागांपैकीं प्रत्येकांत सारखाच राहतो, तर सरासरीनें सत्तावीस मुलांपैकीं एक मूल मुळावर जन्मतें. ज्या मंडळींत २७० माणसें आहेत, तींत सुमारें दहा माणसें मुळावर जन्मलेलीं असणार. जगांत आज आठशें कोटींहून अधिक माणसें आहेत. त्यांपैकीं सुमारें तीस कोटी मुळावर जन्मलेलीं. त्या सर्वांचे बाप मूल होतांच मरण पावले काय? खचित नाहीं. आणि ज्या मुलांचे बाप खरोखर लवकर गेले, तीं काय सर्व मुळावरचीं होतीं? आपल्याच गांवांतील विधवा भगिनींचीं घरें आठवा, उत्तर मिळेल. घडलेला एक प्रसंग लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. न घडलेले शंभर कोणी मोजीत नाहीं.

राशींची मोजणीही एक नाहीं. पाश्चात्य देशांत राशींचा आरंभ वसंतसंपातापासून करितात, आपल्या पंचांगांत ताऱ्यांच्या धोरणानें करितात. या दोहोंत आज सुमारें २४ अंशांचा फरक पडला आहे. एकाच घटकेस जन्मलेल्या बाळाचा सूर्य एका मोजणीनें मेषेंत, तर दुसरीनें मीनेंत असूं शकतो. दोन तलाठी एकाच शेताचे दोन सातबारे लिहितील, तर शहाणा मनुष्य कोणता खरा मानील?

२००८ सालीं डॉ. जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी यांनीं आपल्या महाराष्ट्रांतच फलज्योतिषाची परीक्षा घेतली. शंभर हुषार विद्यार्थ्यांच्या व शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका त्यांनीं जमविल्या, आणि पुढें आलेल्या ५१ ज्योतिषांस प्रत्येकीं चाळीस पत्रिका देऊन, कोणती कोणाची तें ओळखण्यास सांगितलें. २७ जणांनीं उत्तरें पाठविलीं. त्यांचीं सरासरीनें शेंकडा ४६ उत्तरें बरोबर आलीं. नाणें उडवूनही शेंकडा ५० येतात.

हें सांगतांना आपल्या हिंदु शेजाऱ्यांस हिणविण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. त्यांच्यांतील अनेक विचारी माणसांनीं हें भय केव्हांच झुगारिलें आहे. उलट आपल्यांतील कित्येक जण, भिंतीवर क्रूस लावून, वर्तमानपत्रांत किंवा हातांतील फोनवर राशिभविष्य चोरून वाचतात. यिर्मया संदेष्ट्यानें, आकाशांतील चिन्हांस भिऊं नका, अशा आशयाची आज्ञा परक्यांस दिली नव्हती. ती इस्राएलाच्या घराण्यास, म्हणजे घरच्याच माणसांस दिली होती.

आणि हें भय निरुपद्रवी नाहीं. याची किंमत कोण देतें तें पाहा. बाळंतीण देते, जी नऊ महिने ओझें वाहून आतां अपराध्याप्रमाणें खालीं मान घालून बसते. लेक देते, जिच्या लग्नाच्या वेळीं सासऱ्याच्या जिवाचा प्रश्न पुन्हां उकरला जातो. ज्या तान्ह्या जिवास आपले हातही ओळखूं येत नाहींत, त्याच्यावर बापाच्या खुनाचा आरोप ठेवावा, यापरता अन्याय कोणता? कृत्तिका व मृग निर्माण करणारा देव न्यायाविषयीं काय म्हणतो, तें आमोसाकडून आपण नुकतेंच ऐकिलें.

मागी लोकांची कथा हेंच शिकविते. ते ताऱ्यांचे अभ्यासी होते. तारा पाहून ते निघाले, पण ताऱ्यानें त्यांस थेट बेथलेहेमास नेलें नाहीं; यरुशलेमेंत त्यांस थांबावें लागलें, आणि मीखा संदेष्ट्याच्या शास्त्रलेखानें त्यांस गांवाचें नांव सांगितलें. त्यानंतर पुन्हां तारा दिसला, आणि ते घरांत शिरून बाळाच्या पायां पडले. तारा पाहून बाळाचें मुख पाहावयास शेंकडों कोस चालत आलेले ते विदेशी विद्वान एकीकडे. आणि ताऱ्याच्या नांवास भिऊन, एकाच छपराखालीं असलेल्या लेकीचें तोंड चुकविणारा ख्रिस्ती बाप दुसरीकडे! आपण कोणाच्या रांगेंत उभे राहावें?

६. त्या रात्रीं पुढें काय झालें

आम्ही वेशीवरून तसेच त्या घरीं परतलों. घरच्या मंडळींस अंगणांत बोलावून विंचवाची नांगी दाखविली, सत्तावीसाचा हिशेब सांगितला, आणि १४७ वें स्तोत्र वाचून प्रार्थना केली. तरुण बाप भिंतीस टेकून उभा होता. तो एक शब्दही बोलला नाहीं. आजीबाईंनीं डोळे पुसले, पण त्यांचें भय एका रात्रींत गेलें असें आम्ही म्हणणार नाहीं. तें अद्यापही पुरतें गेलेलें नाहीं. परंतु दुसऱ्या रविवारीं उपासनेस तो तरुण आला, तेव्हां लेक त्याच्या हातांत होती. सबंध उपदेशभर तो आमच्याकडे न पाहतां तिच्याचकडे पाहत होता, आणि आम्हांस त्याचा राग आला नाहीं. बाप्तिस्मा पुढच्या महिन्यांत झाला.

पंच व शब्बाथशाळेचे शिक्षक यांस आमची विनंति आहे कीं, एखाद्या अंधाऱ्या रात्रीं मंदिराबाहेरील दिवे घटकाभर मालवून मुलांस आकाश दाखवावें. पौष-माघांत मृग, व्याध व कृत्तिका; चैत्र-वैशाखांत सप्तर्षि व ध्रुव; आणि पाऊस उघडतांच आश्विनांत विंचू. मुलांनीं विंचवाच्या नांगीस मूळ म्हणावें, मोठ्यानें म्हणावें. ज्या नांवाचा उच्चार मुलें तारे मोजतांना करितात, तें नांव घरांत फार काळ भय घालूं शकत नाहीं. आणि जीं माणसें मुळावर जन्मलेलीं आहेत असें मंडळींत ठाऊक आहे, त्यांस त्या वेळीं पुढें बसवावें.

प्रभु आपणां सर्वांस आपल्या कृत्यांचें ज्ञान व आपल्या प्रीतीची निश्चिति देवो. आमेन.

विचारासाठीं प्रश्न

१. सप्तर्षींस निरनिराळ्या लोकांनीं कोणतीं रूपें दिलीं? आपल्या गांवांत त्यांस काय म्हणतात, तें वृद्ध माणसांस विचारून या.

२. "मूल मुळावर झालें" या म्हणण्याचा खरा अर्थ काय?

३. मृग लागतो तेव्हां मृगाचे तारे रात्रीं कां दिसत नाहींत?

४. जुळ्या देवबंधूंचें चिन्ह असलेल्या गलबतांतून पौल गेला, यावरून आपण काय शिकावें? काय शिकूं नये?

५. आपल्या घरांत, लग्न जुळवितांना किंवा मूल जन्मल्यावर, नक्षत्राचें भय गुप्तपणें बाळगलें जातें काय? त्याची किंमत घरांतील कोण देतें?